खिडकीबाहेरचा विद्यार्थी

गुरुजी,

आज नात पेपर वाचून दाखवत होती. अमेरिकेतल्या काही शाळांमधून काळ्या लोकांच्या गुलामगिरीची पुस्तकं काढून टाका, असं काही पालक म्हणतात. मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो म्हणे. ऐकता ऐकता मी आपल्या सातवीच्या वर्गात जाऊन बसले. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. इतिहासाच्या तासाला तुम्ही वेशीबाहेरच्या वस्तीतले, पलटणीतून परतलेले एक काका वर्गात आणलेत आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलेत. लहानपणी ते याच शाळेत शिकले, पण वर्गाबाहेर, खिडकीखालच्या पायरीवर बसून. पाटी जमिनीवर ठेवून लांब सरकायचं, मग मास्तर वाकून बघत. हे ते इतक्या शांतपणे सांगत होते, की आम्ही कुणीच मान वर करत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी गावातली वजनदार मंडळी थेट आमच्या वर्गात येतात. त्यांत माझे बाबाही. पाटील म्हणतात, "जुनं काऊन उकरून राह्यले गुरुजी? पोरायले पुस्तकातलं शिकवा. नाही तर तुमच्या बदलीचं पाहा लागन." तुमचा आवाज चढत नाही. "खोटं सांगितलं असन तर दाखवा. तुमच्यातलं कोणी तवा या वर्गात असनच." मग बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "मी होतो. खिडकीपाशीच बसत होतो. माहा पाढा अडला का काल आलता तोच बाहेरून हळूच सांगे." पाटलांकडे वळून म्हणाले, "माह्या पोरीले हे मीच सांगाले पायजे होतं. शिकवू द्या त्यायले."

उन्हाळ्यात तुमची बदली झालीच, पार सुलतानपूरकडे. तुमची ट्रंक बाबांनी आणि त्या काकांनी दोन बाजूंच्या कड्या धरून एसटीपर्यंत नेली. नंतरचं तुम्हाला ठाऊक नाही. काका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा आईनं त्यांच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप काढला. बाबांनी तो आपल्याकडे ओढला आणि त्यातून चहा प्यायले. पुढच्या खेपेला आईनं तो कप काढलाच नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुम्ही जाऊनही किती वर्षं लोटली. पण एक कबूल करते, गुरुजी, रागावू नका. तुमचे आवडते शिक्षक कोण, असं कुणी विचारलं की मी तुमचंच नाव सांगते, आणि मनात मात्र आधी बाबा येतात.