शेवटचं अंडं आणि माझा चिमटा

प्रिय ठमे,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. उलट घरात पाच जणांची भर पडलीय, आणि आत्ता ते सगळे माझ्या टेबलाखाली नुसता कालवा करताहेत.

झालं असं, शेजारच्या नर्सबाईंची कोंबडी बारा दिवस अंड्यांवर बसली आणि तेराव्या दिवशी जी उठून गेली ती गेलीच. नर्सबाईंची ड्यूटी बारा तासांची, म्हणून त्या अंडी घेऊन आपल्या दारात. तुझ्या आईने लगेच जाहीर केलं की ह्यांना नाहीतरी घड्याळांच्या दुकानात माश्याच मारायच्या असतात. मग काय, थर्माकोलचा खोका, त्यात बल्ब, थर्मामीटर आणि ओलाव्यासाठी वाटीत भिजवलेला स्पंज. अंडी सहा. प्रत्येकावर एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसरीकडे गोल, म्हणजे फिरवताना एखादं राहायला नको. दिवसातून तीनदा, अगदी ठरल्या मिनिटाला. आई म्हणते, स्वतःच्या लग्नाला मी एवढा वेळेवर नव्हतो. शेवटचे तीन दिवस मात्र हात लावायचा नाही, झाकणही उघडायचं नाही, अशी नर्सबाईंची सक्त ताकीद होती.

एकविसाव्या दिवशी सकाळी पहिल्या अंड्याला बारीकसं भोक पडलं. आतून चोच दिसली. दोन तास झाले, तीन झाले, पुढे काही हालचाल नाही. माझा स्वभाव तुला सांगायला नको. आई आंघोळीला गेली तेवढ्यात मी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाचा बारीक चिमटा घेतला आणि कवचाचे तुकडे उचलायला लागलो, अगदी हलक्या हाताने. आतल्या पापुद्र्यातून रक्त आलं. थांबेचना. नर्सबाईंनी नंतर सांगितलं, पिल्लू थकून थांबलेलं नसतं. उरलेलं रक्त आणि बलक ते अंगात ओढून घेत असतं, त्याला कधीकधी अख्खा दिवस लागतो. संध्याकाळपर्यंत ते गेलं. ठमे, मी रडलो गं, म्हातारा माणूस खोक्यासमोर बसून रडलो.

आईने चिमटा काढून घेतला आणि चक्क त्यावर बसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार पिल्लं आपली आपण बाहेर आली, ओलीगिच्च, लटपटणारी. पाचवं मात्र भोक पाडून जे गप्प बसलं ते अठरा तास. माझे हात असे शिवशिवत होते की विचारू नकोस. शेवटी मी चहा गाळत असताना, माझं लक्ष नसताना, ते बाहेर पडलं. आता तेच सगळ्यांत दांडगट आहे. खोक्यात खरखरीत टॉवेल घातलाय, कागदावर त्यांचे पाय घसरून फाकतात. पाण्याच्या बशीत बुडू नयेत म्हणून तुझ्या हिरव्या गोट्या टाकल्यात. विचारायला हवं होतं, पण टाकल्या.

दुकानात तू दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ तू घरी गेल्यावर मी पुन्हा उघडायचो. एक दिवस छत्री विसरलीस म्हणून परत आलीस आणि तुला ते दिसलं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात आली नाहीस, आणि मग गावच सोडलंस. तीन वर्षं मी जगाला सांगत फिरलो की पोरगी हट्टी आहे. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही. त्यातल्या एकाही घड्याळात मला चूक सापडली नव्हती. एकाही नाही. तरी मी उघडत राहिलो. माझं चुकलं.

सोमवारी तुझं स्वतःचं दुकान सुरू होतंय, हे आईकडून कळलं. न विचारता मी तिकीट काढलं होतं, हत्यारांची पेटीही भरली होती, म्हटलं तुझं टेबल लावून देऊ. काल तिकीट परत केलं. त्याची कबुली द्यायलाच हे पत्र. तू बोलावशील तेव्हाच येईन, आणि येईन ते गिऱ्हाईक म्हणून. माझं मनगटावरचं घड्याळ परवा पिल्लांच्या पाण्यात पडून बंद पडलंय. मी ते उघडलेलं नाही. चार लोकांना देशील तशी मलाही पावती दे, आणि आठ दिवसांनी या म्हणून सांग.

तुझाच, हात मागे बांधून बसलेला,
बाबा