ड्रम क्रमांक दोन आणि माझं मार्गदर्शन

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. कन्येच्या कॉलेजचा प्रोजेक्ट आहे: इमारतीचा ओला कचरा इमारतीतच जिरवून खत करायचं. मागच्या अंगणात दोन ड्रम ठेवलेत. सेक्रेटरी म्हणून परवानगी मी दिली, म्हणजे प्रोजेक्ट माझाच. पहिल्या मजल्यावरच्या वकिलांची अट: वास आला की ड्रम बाहेर. सत्तावीस फेब्रुवारीला प्रोफेसरबाई बघायला येणार, त्यावर कन्येचे मार्क. काळजीचं कारण नाही. मी आहे.

९ जानेवारी
कन्येचे नियम: एक थर कचरा, एक थर सुकी पानं, झाकण बंद. झाडूवाल्या मावशी रोज पानं गोळा करून पोत्यात भरतात. सगळा कारभार फार संथ. ड्रम दोनकडे मी जातीने लक्ष घालणार. कन्येला आत्ताच सांगत नाही. सरप्राइज.

१७ जानेवारी
सकाळी ७. झाकण उघडून पाहिलं. खत नाही.
सकाळी ११. नाही.
संध्याकाळी ५. अजूनही नाही! आत कोरडं वाटलं. दोन बादल्या पाणी ओतलं.

२५ जानेवारी
ड्रम दोनला वास. मावशी म्हणाल्या, साहेब, आत पाणी गेलंय. मी म्हटलं, दव असेल. झाकणातून दव कसं जातं, या खोलात शिरलो नाही. तातडीचा उपाय म्हणून अर्धी बाटली फिनेल ओतलं. वास गेला. अनुभव तो अनुभव.

३ फेब्रुवारी
कन्येने विचारलं, खताला फिनेलचा वास कसा? जिना पुसलाय, असं सांगितलं. तिने नुसतं पाहिलं. अगदी आईवर गेली आहे. फिनेलने खत करणारे जिवाणूच मेले म्हणे; ड्रम दोन रिकामा करून पहिल्यापासून भरावा लागला. ती, वर्गातल्या दोन मैत्रिणी आणि मावशी दिवसभर खपत होत्या. मला सर्दी होती.

२६ फेब्रुवारी
उद्या बाई येणार. कन्या हात जोडून म्हणाली, बाबा, आता फक्त काहीही करू नका. म्हणजे सगळं माझ्यावरच आलं! फेरी मारली. जिन्याखाली पाहतो तर सुक्या पानांची अकरा पोती. कचऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये कचरा! बाईंना काय वाटेल? स्वतः ओढून कचऱ्याच्या गाडीत चढवली. कंबर गेली, पण जिना चकाचक.

२७ फेब्रुवारी
बाई म्हणाल्या, थर कसा देता ते दाखवा. कन्या जिन्याखाली गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. वकील नाकाला रुमाल लावून तयारच होते. मी आकाशाकडे पाहत होतो. मावशी समोरच्या बागेत पळाल्या आणि पोतंभर पानं घेऊन आल्या. बाईंनी त्यांची पाठ थोपटली. संध्याकाळी कन्येने अकरा पोत्यांचा हिशेब माझ्याकडे मागितला.

२ मार्च
ड्रम राहिले. मार्कही चांगले मिळाले. कन्येचा रिपोर्ट टेबलावर होता. माझं नाव आभारात शोधलं. नव्हतं. 'अडचणी' या सदरात सापडलं, म्हणजे नाव नाही, एवढंच: 'एक रहिवासी. दर वेळी हेतू चांगला.' दोनदा वाचलं. वाईट वाटलं. खोडून काढण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

३ मार्च
ड्रमांना कुलूप. किल्ली मावशींकडे. मी सेक्रेटरी असल्याची आठवण करून दिली. त्यांनी रिकामं पोतं माझ्या हातात दिलं. अकरा भरायची आहेत. आज अर्धं भरलं.