लुगोव्स्कीच्या दोन पत्रांची व्यवस्था

मी, नरेंद्र श्रीधर मोहोळकर, वय चौऱ्याहत्तर, जन्माने पुण्याचा, गेली सदतीस वर्षे तोक्योचा रहिवासी, रशियन इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र निशि-कासाई येथील राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. बारा वर्षांपूर्वीही ते ठिकाणावरच होते. हे मुद्दाम नोंदवतो, म्हणजे पुढच्या कलमांतल्या वागण्याचा दोष कोणी माझ्या वयावर घालणार नाही.

येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. धोका फार नाही, असे सर्जनसाहेब म्हणाले. पण म्हणताना इतके लवून म्हणाले, की मी घरी येऊन कागद काढला. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. हे राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझी पत्नी सौ. शैलजा हिला मिळावी. माझा मुलगा धीरज उरायासुत स्वतःच्या संसारात सुखी आहे, तो हरकत घेणार नाही. गुणी मुलगा आहे, फक्त फोन उचलत नाही.

कलम २. माझी सायकल कोणालाही द्यावी, इमारतीच्या समितीच्या अध्यक्षांना सोडून. यंदाचा पार्किंगचा स्टिकर लावायला मला दोन दिवस उशीर झाला, तर त्यांनी ती उचलून नेली, आणि सोडवायला गेलो तेव्हा नियमावलीचे पान मोठ्याने वाचून दाखवले. पान बरोबर होते. राग त्याचाच आहे. कोणी माझी चूक बरोबर दाखवली की मला त्याचे तोंड बघवत नाही. हा माझा जुना दोष आहे आणि त्याची खरी हकीकत पुढे येईल.

कलम ३. रशियन चहाचा समोवार आणि मोठा रशियन शब्दकोश नात जुई हिला द्यावा. ती अकरा वर्षांची आहे, मी मराठीत विचारले की जपानीत उत्तर देते. शब्दकोश तिने वाचला नाही तरी चालेल. त्यात फुले छान दाबली जातात, हे तिनेच मला दाखवले आहे.

कलम ४. आता कागद. यांच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

१९९४ साली जिम्बोचोतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एक पत्र्याची पेटी मिळाली. क्रांतीनंतर जपानात येऊन राहिलेल्या कोण्या रशियन कुटुंबाची ती होती. आत एकोणीस पत्रे. लेफ्टनंट आर्सेनी ल्वोविच लुगोव्स्की याने आपल्या बहिणीला लिहिलेली. सरदार घराण्यातला हा मुलगा सतराव्या वर्षी शाही रक्षकदलाच्या घोडदळात शिरला आणि एकविसाव्या वर्षी लेफ्टनंट झाला. घोड्यावर बसणे उत्तम, फ्रेंच उत्तम, नाच त्याहून उत्तम. लढाई एकही पाहिलेली नव्हती.

१८२५ च्या नोव्हेंबरात झार वारला. मुलगा नव्हता. धाकट्या भावांपैकी मोठा कॉन्स्टंटिन रशियाच्या ताब्यातल्या वॉर्साला होता, गादी त्याची म्हणून सैन्याने ठिकठिकाणी त्याच्या नावाने शपथ घेतली. लुगोव्स्कीनेही घेतली. पण कॉन्स्टंटिनने गादीवर आधीच पाणी सोडले होते आणि ते फार थोड्यांना ठाऊक होते. जवळजवळ तीन आठवडे एवढ्या मोठ्या देशाला राजा कोण ते कळेना. मग हुकूम आला, की पहिली शपथ विसरा आणि धाकट्या निकोलायच्या नावाने पुन्हा घ्या. १४ डिसेंबरला पीटर्सबर्गच्या चौकात काही पलटणी ‘घेणार नाही’ म्हणून उभ्या राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर तोफा चालल्या.

लुगोव्स्कीच्या एका पत्रावर २६ डिसेंबर ही तारीख आहे. त्यात तो म्हणतो, ‘मी एकदा शपथ घेतली आहे, दुसरी घेणार नाही, मग माझे काहीही होवो.’ म्हणजे तोफा चालून बारा दिवस झाले, धरपकड सुरू आहे, आणि हा बावीस वर्षांचा पोरगा एकटा नाही म्हणतो. पुढच्या वर्षीच्या लष्करी यादीत त्याच्या नावापुढे ‘कॉकेशस’ असे लिहिलेले मी पाहिले; बंडखोरांना तेव्हा त्या आघाडीवर धाडत, म्हणून शिक्षा झाली असे धरले. १९९८ साली त्याच्यावर माझे पुस्तक आले. त्यावर मला प्राध्यापकी मिळाली, जपानी भाषांतर झाले, पुण्यात शाल-श्रीफळ मिळाले. शाल शैलजाच्या कपाटात आहे, ती कलम १ मध्ये धरावी.

कलम ५. रशियात तेव्हा जुने पंचांग चालत असे, आपल्या आजच्या तारखेच्या बारा दिवस मागे. वॉर्सात मात्र नवे पंचांग होते. पहिल्याच तासाला मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून द्यायचो : आधी गाव पाहा, मग तारीख. त्या पत्रावर गाव नव्हते. मी रशियन अधिकारी पाहिला, पीटर्सबर्ग धरले आणि तारीख जुनी मानून पुढे गेलो. त्याच पत्रात एक ओळ आहे, ‘नदी अजून गोठलेली नाही.’ डिसेंबरअखेर पीटर्सबर्गच्या गोठलेल्या नेवा नदीवरून गाड्या जातात, हे मला झोपेत विचारले तरी सांगता येईल. तरी मी खाली टीप दिली, की त्या वर्षी हिवाळा सौम्य होता. या टिपेला कोणताही आधार नाही. तो हिवाळा मी माझ्या टेबलावर बसून तयार केला.

इथपर्यंत ही चूक म्हणता येईल. याच्या पुढचे चूक नव्हे.

कलम ६. २०१० साली कु. विभा आनंद सरपोतदार पुण्याहून माझ्याकडे डॉक्टरेटसाठी आली. पेटीतले एकोणिसावे पत्र मी सोळा वर्षांत वाचून संपवले नव्हते. कागद वाचवण्यासाठी आधी आडवे आणि त्याच पानावर पुन्हा उभे लिहिलेले, तेही घाईच्या फ्रेंचमध्ये. घरगुती मजकूर आहे, असे मी सगळ्यांना सांगत असे. ते मी सरावासाठी तिला दिले. तिने सात महिने भिंग लावून ते वाचले आणि एका दुपारी माझ्या खोलीत आली.

“सर, यावर दोन्ही पंचांगांच्या तारखा आहेत. २६ डिसेंबर आणि ७ जानेवारी. आणि गाव वॉर्सा.”

“बरं मग?”

“यात तो म्हणतो, चार दिवसांपूर्वी सगळ्यांबरोबर दुसरी शपथ घेतली. म्हणजे ज्या दिवशी तो नाही म्हणाला असं आपण धरतो, त्या दिवशी ती घेऊन झाली होती. आपलं पहिलं पत्र नव्या पंचांगाचं असणार, सर. जुन्या हिशेबानं १४ डिसेंबर. तोफांची बातमीसुद्धा वॉर्साला पोचली नव्हती. आणि नदी गोठली नाही म्हणतो तो. ती नेवा नाही, वॉर्साची विस्तुला आहे.”

‘नदी’ म्हणताक्षणी मला कळले. ती बरोबर होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पत्रात आणखीही होते : ते त्याने लगेच पाठवले नव्हते, उभ्या ओळी काही महिन्यांनी कॉकेशसहून लिहिल्या होत्या. तोफांची बातमी आल्यावर वॉर्सात चौकशी झाली, की जेवणाच्या टेबलावर कोण काय बोलले. शपथ घेणार नाही ही फुशारकी लुगोव्स्कीची होती. जनरलसमोर त्याने नाव घेतले पाव्हेल तिखोनिन या मित्राचे, ज्याने फक्त मान डोलावली होती. तिखोनिनला साधा शिपाई करून कॉकेशसला पाठवले. लुगोव्स्कीही तिकडेच गेला, कॅप्टन होऊन. बहिणीला तो लिहितो, ‘पाव्हेलची आणि माझी इथे रोज गाठ पडते आणि तो मला अजून नमस्कार करतो.’

मी विभाला म्हणालो, “हा दुसरा लुगोव्स्की असेल. चुलतभाऊ.”

“सही तीच आहे, सर.”

“घराण्यात सह्या सारख्या असतात. घाई करू नकोस.”

मी पत्र तपासायला म्हणून ठेवून घेतले आणि परत दिले नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात तीन प्राध्यापकांच्या समितीने मला मूळ पत्राबद्दल विचारले. मी सांगितले, की वाचन सदोष आहे आणि मूळ पत्र सध्या उपलब्ध नाही. ते माझ्या खणात होते, मी बसलो होतो त्या खुर्चीपासून दोन मजले वर. विद्यार्थिनी उतावळी आहे, हेही मी आपणहून जोडले. कोणी विचारले नव्हते. प्रबंध नाकारला गेला, मार्चमध्ये तिचा व्हिसा संपत होता, आणि तिने कोतोतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची नोकरी धरली. अजून तिथेच आहे. लुगोव्स्की बावीस वर्षांचा होता आणि समोर जनरल उभा होता. मी बासष्ट वर्षांचा होतो आणि माझ्यासमोर चहा होता.

ती इथेच, स्टेशनच्या पलीकडे राहते. सुपरमार्केटबाहेर भेटली की सायकलवरून उतरते. “नमस्कार सर, तब्येत बरी ना?” मी हो म्हणतो आणि कांद्यांकडे वळतो. बारा वर्षे कांदे निवडतो आहे. मला लाज वाटते. हा शब्द मी आजवर लिहिला नव्हता, बोललोही नव्हतो, शैलजापाशीसुद्धा नाही. तिला ठाऊक आहे, ती गोष्ट वेगळी.

कलम ७. सर्व एकोणीस पत्रे, माझी टिपणे आणि पुस्तकाचे सर्व हक्क माझ्या मृत्यूनंतर कु. विभा सरपोतदार हिला मिळावेत. तिने काय छापावे, काय नाही, ते तिने ठरवावे.

कलम ८. त्या उठावाला या डिसेंबरात दोनशे वर्षे होतात. पुण्याचे प्रकाशक पुस्तकाची नवी आवृत्ती काढत आहेत, त्यात माझा फोटो आहे. मी सप्टेंबरात होकार कळवला आहे. माझ्या मृत्यूनंतर धीरजने तो होकार मागे घ्यावा.

(येथे मृत्युपत्र संपणार होते. पुढील मजकूर त्याच दिवशी दुपारी जोडला आहे.)

शैलजाने वरील कागद वाचला. चष्मा काढून म्हणाली, “अहो, आणि मंगळवारी वाचलात तर?”

मी म्हटले, “म्हणजे?”

“म्हणजे डिसेंबरात पुस्तक निघणार, फोटोसकट. आणि त्या मुलीला तुम्ही मरायची वाट बघायची.”

हे माझ्या ध्यानात आले नव्हते, असे मी इथे लिहिणार होतो. आले होते.

साक्षीदार दोन लागतात. चौथ्या मजल्यावरच्या गुणवंत शेजवळला मी बोलावले. त्याने गेल्या वर्षी वडिलांचे मृत्युपत्र केले आहे. त्याने सांगितले, “काका, काकू चालणार नाहीत हं. ज्याला काही मिळतं त्यानं विटनेस म्हणून साइन केलं, तर त्याचा क्लॉज जातो. इंडियन लॉ आहे.” शैलजा म्हणाली, दुसरे कोणी मी बघते, आणि आत जाऊन फोन केला, मग गुणवंतला खाली इमारतीच्या दाराशी पाठवले. कोणाला, ते मला दार उघडल्यावर कळले.

विभा हेल्मेट हातात घेऊन उभी होती, मागे गुणवंत. मी म्हटले, फक्त सही हवी आहे, मजकूर वाचायची साक्षीदाराला गरज नसते.

“न वाचता सही नाही करत मी, सर.”

तिने उभ्यानेच वाचले. कलम ६ पाशी पान उलटायला तिला वेळ लागला. गुणवंत मोबाइलमध्ये बघत राहिला. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, तोंडी परीक्षेला बसतात तसा.

“हे तुम्ही गेल्यावर मिळणार मला?”

“हो.”

“म्हणजे मी तुम्हाला काही विचारायला नको, आणि तुम्ही काही सांगायला नको.”

तिने पेन मागितले.

“विभा, तू सही केलीस तर कलम सात जाईल. तुला काहीच मिळणार नाही.”

“माहीत आहे. लिफ्टमध्ये कळलं.” गुणवंतने मान खाली घातली. “मला वारसा नकोय, सर. पत्र आत्ता द्या. आणि प्रकाशकांना मेल आत्ता करा, विभागालाही कॉपी करा. मी थांबते.”

पेटी मी कपाटातून काढून तिच्या हातात दिली. मग लॅपटॉप उघडला. लिहिले, की नजरचुकीने माझ्या पुस्तकात एका पत्राची तारीख चुकीची धरली गेली, तरी नवी आवृत्ती काढू नये. ती मागे उभी राहून वाचत होती.

“नजरचूक अठ्ठ्याण्णव सालची, सर. दोन हजार तेराचं काय लिहिणार?”

शैलजाने चहा आणला आणि कोणालाच दिला नाही. मग मी ते वाक्य पुसले आणि लिहिले, की कु. सरपोतदार यांनी ही चूक बरोबर दाखवली असता मी ती जाणूनबुजून नाकारली, मूळ पत्र दडवले आणि समितीपुढे खोटे बोललो. खाली पूर्ण नाव लिहिले. बटण मी स्वतः दाबले.

“मला माफ कर,” मी म्हणालो.

“ते नंतर बघू,” ती म्हणाली. “मला खूप प्रश्न विचारायचे आहेत. मंगळवारनंतर येईन.” आणि सही करायला टेबलाशी बसली.

कलम ७ व ८ मी खोडले आहेत. खोडलेल्या जागी माझी सही आहे. खालचा मजकूर दिसेल असेच खोडले आहे.

बाकीची कलमे कायम. वरील सर्व मी वाचून, समजून लिहिले असून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे, आणि त्यांनी माझ्यासमोर.

सही : नरेंद्र श्रीधर मोहोळकर

साक्षीदार १ : गुणवंत शेजवळ (सही पाहिली, मजकूर वाचलेला नाही)

साक्षीदार २ : विभा आनंद सरपोतदार (मजकूर पूर्ण वाचला. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही.)

स्थळ : निशि-कासाई, एदोगावा, तोक्यो
दिनांक : रविवार, ९ नोव्हेंबर २०२५