शनिवारचा उपास आणि पहिली रांग

३१ मे, शनिवार

पहिल्या रांगेत घेतलं. डावीकडून चौथी. एन्चिक रहीम (आमचे कवायतीचे वॉरंट ऑफिसर, त्या हुद्द्याच्या माणसाला इथे सगळे एन्चिकच म्हणतात) रांगेसमोरून तीनदा गेले. तिसऱ्यांदा माझ्यासमोर थांबले, बोटाने पुढे ये अशी खूण केली. "यू. फ्रंट." बस. चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन शब्दांनी हरखून जाणं शोभत नाही, पण गेले.

नऊ ऑगस्टला, सिंगापूरच्या राष्ट्रीय दिनी, पडांगच्या मैदानावर उभं राहायचं. बंदूकवाल्या मानवंदनेच्या चार तुकड्या पुढे, आम्ही स्वयंसेवक त्यांच्या मागे. राष्ट्राध्यक्ष येणार, तोफा होणार, आणि आम्ही हलायचं नाही. काम एवढंच. मकरंद म्हणाला, "घरात तर दोन मिनिटं एका जागी बसत नाहीस." नवऱ्यांना असलं बरोबर सुचतं.

शनिवार, म्हणून उपास होताच. घरी येऊन आंघोळ केली आणि सोडला.

१४ जून, शनिवार

आज दीड तास. टाचा, पोटऱ्या, मान. पण हलले नाही.

साताऱ्याला कॉलेजात एनसीसीत होते तेव्हा सव्वीस जानेवारीच्या दिल्लीच्या संचलनासाठी नाव आलं होतं. बाबांनी पाठवलं नाही. मुलीची जात, इतक्या लांब, महिनाभर. युनिफॉर्म इस्त्री करून ठेवलेला, तो तसाच परत केला. पंचवीस वर्षं झाली. मी हे कुणाला फारसं सांगत नाही, कारण सांगताना आवाज बदलतो आणि मला ते आवडत नाही.

म्हणून ही नऊ तारीख पाहिजे. पुढच्या वर्षी नव्या बॅचची पाळी. आमची ही एकच.

सरावाआधी फोनवर फॉर्म भरावा लागतो. झोप किती, पाणी किती, कुठे दुखतंय का, जेवलात का. 'जेवलात' वर हो केलं. केळं खाल्लं होतं, चहा दोनदा.

२१ जून, शनिवार

माझ्या उजवीकडे हुई मिन. बालवाडीत शिकवते, तिशीची असेल, यिशूनला राहते. येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये बरोबर असतो. मला विचारते, "शनिवारी तू डब्यात काहीच का आणत नाहीस?" म्हटलं, पोट जड होतं. नवस बिवस इंग्रजीत सांगायला मला जमत नाही. सांगितला की तो बावळट वाटायला लागतो.

माझी लेक सई सातव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत होती. इथे ना आई ना सासूबाई, मकरंद जुरोंग आयलंडवर रिफायनरीच्या शटडाउनच्या कामात अडकलेला. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभ्या उभ्या मारुतीला बोलले: ही एकवीस वर्षांची होऊ दे, तोवर शनिवार तुझे. आता सई सतराची. एक शनिवार चुकला नाही. तापात नाही, प्रवासात नाही. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.

फॉर्म: हो.

७ जुलै, सोमवार

परवाचं लिहायला आज बसते आहे. काल पेन उचलवलं नाही.

पडांगवर पहिला पूर्ण सराव होता. साडेपाचला ऊन तिरपं झालं तरी जमीन तापलेली. "सेदिया" झालं, सावधान उभे राहिलो. बँड सुरू होता. मग बँड लांब गेला. समोरच्या खांबाचे दोन खांब झाले. मी डुलले, हुई मिनने मान न वळवता कोपराला हात लावला, पण मी गेलेच. मागून दोघांनी उचलून तंबूत नेलं.

साखर खाली गेलेली. मेडिक पोरगी म्हणाली, "आँटी, लास्ट मील व्हॉट टाइम?" म्हटलं, सकाळी. काय? केळं. तिने दाराकडे पाहिलं. दारात एन्चिक उभे होते, हातात फोन, फोनवर माझा फॉर्म.

"यू टिक हॅड मील."

"आय हॅड बनाना, एन्चिक."

"बनाना इज बनाना."

राखीवमध्ये टाकलं. माझ्या जागी मागच्या रांगेतला टॅन. एन्चिक म्हणाले, चक्कर कुणालाही येते, मलाही आली आहे, त्याचं काही नाही. पण तू जेवलीस म्हणालीस म्हणून मी तुला पुढे उभी केली. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू बोलले.

आज ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म तपासले. कम्प्लायन्समध्ये मी तेच करते. रॅफल्स प्लेसच्या एकोणिसाव्या मजल्यावर बसून लोकांच्या खोट्या टिक-खुणा पकडते. तीन पकडल्या. तिघांना नेहमीची कडक ईमेल लिहिताना कान गरम झाले.

१२ जुलै, शनिवार

राखीव म्हणजे बॅग घेऊन मागे उभं राहायचं, पाणी वाटायचं, कुणी गळलं तर त्याच्या जागी जायचं. कुणी गळलं नाही.

सराव संपल्यावर एन्चिकना गाठलं आणि सगळं सांगितलं. उपास, नवस, पेटी, सई. इंग्रजीत. वाटलं होतं तेवढं बावळट वाटलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आय ऑल्सो फास्ट. वन मंथ, एव्हरी इयर. यू थिंक आय हाइड फ्रॉम माय बॉस? आय टेल हिम, ही प्लॅन." थोडं थांबून, "व्हाय यू हाइड?"

 उत्तर मला माहीत होतं. सांगितलं असतं तर मागच्या रांगेत टाकलं असतं, ही भीती. देवाची लाज नव्हती, रांगेची हाव होती.

नियम त्यांनी सरळ सांगितला. उपाशी माणसाला ते उन्हात उभं करणार नाहीत, राखीवमधूनसुद्धा. जेवायचं की नाही ते तू ठरव.

१३ जुलै, रविवार

सई टेबलावर अभ्यास करत होती. तिला नवसाचं माहीत आहे, पण लहानपणीच्या गोष्टीसारखं. आज नीट सांगितलं, की तुझ्यासाठी आहे, मोडू कसा.

ती म्हणाली, "मम्मा, नोबडी आस्क्ड मी."

मी म्हटलं, तू दीड किलोची होतीस, तुला काय विचारणार.

"नाऊ कॅन आस्क." मग मान वर न करता, "आय ॲम नॉट इन द बॉक्स एनीमोअर, लाह."

मी स्वयंपाकघरात गेले. राग आला आणि रडूही आलं, कुठलं आधी ते सांगता येणार नाही. सतरा वर्षं शनिवारी उपाशी राहिलं की पोर आपल्यामुळे जिवंत आहे असं वाटायला लागतं. ती आपली आपण वाढलीये. भात खाऊन, बस पकडून, माझ्याशी भांडून.

२० जुलै, रविवार

आईला साताऱ्याला फोन. विचारलं, शनिवार सोडू का. आई म्हणाली, "नवस बोललीस तेव्हा मला विचारलं होतंस? मग आता मला कौल लावू नकोस."

  मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "दिल्लीच्या वेळी तुझे बाबा नाही म्हणाले आणि मी भाकरी थापत बसले. एक शब्द बोलले नाही. ते मला अजून खातं." आणि मग एकदम नेहमीच्या आवाजात, "जेवून जा. पोटभर."

पंचवीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मला वाटायचं तिला आठवतही नसेल.

२६ जुलै, शनिवार

श्रावणातला पहिला शनिवार. सगळ्यात कडक. अकरा वाजता वरणभात, बटाट्याची भाजी, दही. मारुतीच्या तसबिरीसमोर उभी राहिले, म्हटलं, चोरून खात नाहीये, सांगून खाते आहे. उरलेल्या वर्षांचं आपण दोघं बसून बघू. पहिला घास फिरला तोंडात. दुसरा गेला. मकरंदने आणखी भात वाढला, त्याला बरं वाटलेलं दिसत होतं.

फॉर्म: हो. खाली जागा असते तिथे काय जेवले तेही लिहिलं. एन्चिकनी वाचलं. 

राखीवच. पण मागे उभी होते तिथे मीही सावधान उभी राहिले, पूर्ण वेळ. तिथे कुणी बघत नाही. बघायला पाहिजे असं नाही. हलले नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

सरावानंतर बाथरूममध्ये हुई मिन बूट काढून बसलेली. घोट्यावर लिंबाएवढी सूज. गुरुवारी शाळेच्या पायऱ्यांवरून पाय मुरगळला, म्हणाली. पट्टी घट्ट बांधून उभी राहिली सगळा वेळ. "डोन्ट टेल एन्चिक, कॅन? वन मोअर वीक ओन्ली."

मी मान डोलावली.

मनात पहिला विचार कुठला आला तो इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार. बरं झालं, असा आला. पहिल्या रांगेत जागा. दुसरा विचार, की तिला दुखत असेल, तो यायला ट्रेन सिटी हॉलहून न्यूटन स्टेशनला पोचेपर्यंत वेळ लागला.

५ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसनंतर तिला सेम्बावांगच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला बोलावलं. लंगडत आली आणि लंगडत नाहीये असं दाखवत आली. तीन दिवस विचार करून वाक्यं जुळवली होती ती सगळी विसरले. सरळ म्हटलं: मी एन्चिककडे जाऊन सांगणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. एकदा बोलून झालंय. तू स्वतः सांग. तोफा चालू असताना पाय गेला तर सगळ्या देशासमोर पडशील.

तिने चमचा खाली ठेवला. "यू वॉन्ट माय प्लेस."

"हो," म्हटलं. "पाहिजे."

नाही म्हणता आलं असतं. मोठेपणा दिसला असता. पण तिला नकोत असले शब्द, आणि मलाही.

 आई-वडील बघायला येणार आहेत, तिकिटं मिळालीत, एवढंच ती म्हणाली. मला तिचं काळीज कळलं. मी हीच होते जून महिन्यात. मासळीचं सूप तिने तसंच टाकलं. तिला बसपर्यंत सोडायला गेले, तिने हात धरू दिला नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी साडेनऊ. जेवले. आज आमटी-भात, घेवड्याची भाजी. सई रोज उशिरा उठते, आज उठून समोर बसली होती, मी पूर्ण खाते की नाही बघत. मकरंदने शर्ट इस्त्री केला, कॉलर दोनदा.

हुई मिनला काल मेसेज केला होता. वाचला आहे, उत्तर नाही.

दुपारी एक वाजून दहा. पडांगच्या मागचा तंबू. वही खिशात घालून आणली. सगळे फोनवर फॉर्म भरतायत. माझा भरून झाला. बूट बांधले, टोपी मांडीवर. एन्चिकनी सकाळीच सांगितलं, कुणी बाहेर पडलं तर आधी मी जाणार. पडलं नाही तर मी इथेच तंबूमागे, बँड ऐकत. दोन्हीसाठी तयार आहे. जागा मिळाली तर घेणार, नको नको करणार नाही. नाही मिळाली तरी पाय हलणार नाहीत.

हुई मिन आली. मुद्दाम माझ्या शेजारीच बसली.  तिच्या फोनवर 'कुठे दुखतंय का' हा प्रश्न उघडा आहे, दोन मिनिटं झाली, बोट वर धरलंय. मी तिकडे बघत नाहीये. म्हणजे बघतेच आहे.

एन्चिक नावं घेत रांगेने इकडे येतायत. आमच्या अलीकडे तीन जण उरले.

हुई मिनने फोन खिशात टाकला. उठून उभी राहिली आहे, दुखऱ्या पायावर भार देऊन, ताठ. हो की नाही, कशावर बोट टेकवलं ते मला दिसलं नाही.