मागची काच

रामदासपेठ, नागपूर
ता. ३० नोव्हेंबर १९५८

चि. गिरिधर यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद. सौ. लतिका आणि मुलं खुशाल असतील. इथे थंडी पडू लागली आहे. सकाळी अंगणात खुर्ची टाकून ऊन घेत बसतो. बाजारात आंबिया बहाराची संत्री आली आहेत, तिकडे येणारं कुणी भेटलं की करंडी पाठवीन.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. रागावला आहेस, हे मजकुराआधी अक्षरावरूनच कळलं. राग आला की तुझ्या वेलांट्या लांब होतात, हे शाळेपासूनचं. "क्लच नसलेली छोटी गाडी बघा असं मी म्हणतो, मधू बिचारा ती शोधून काढतो, आणि तुम्ही भलतीच पसंत करता. काहून?" असं विचारलंस. इतकी वर्षं जमशेदपुरात राहून 'काहून' सुटलं नाही, हे वाचून बरं वाटलं.

मधुसूदनाला दोष देऊ नकोस. सदरमधल्या मोटारींच्या दुकानात नोकरी आहे आणि तुझ्या बाकावर बसत होता, एवढ्यावरून ही सगळी खटपट त्याच्या गळ्यात पडली. त्यानं मन लावून केली. विलायतेला परत निघालेल्या एका पादरीसाहेबाची ती हिरवी गाडी त्यानंच शोधली. कच्च्या कैरीच्या रंगाची, बसकी, गोंडस. खाली दोनच पायदानं. डाव्या पायाला काही कामच नाही. माझ्या लकवा मारलेल्या पायाचं त्यानंच तुला कळवलं असेल, तर कळवलं ते ठीक केलं. पाय आता बराच सुधारला आहे, पण क्लच दाबण्याइतका नाही, आणि व्हायचाही नाही.

मधूनं मला कस्तुरचंद पार्कच्या मैदानात नेऊन स्टिअरिंगशी बसवलं. शाळा तपासायला निघालो की खात्याची जुनी मोटार मी स्वतः काटोल-उमरेडपर्यंत हाकत असे, हे तुला आठवतं. शेजारी शिपाई रुपराव जेवणाचा डबा धरून बसलेला आणि माझ्या तोंडात पाचवीच्या पुस्तकातल्या कविता. त्या मैदानात गाडी आपण होऊन पुढे सरकली तेव्हा बऱ्याच दिवसांनी एक शार्दूलविक्रीडित ओठांवर आलं. मधू म्हणाला, "काका, गाडीले कविता ऐकवून राहिले का?" मी म्हटलं, "तिला समजते." फार सुखाची फेरी झाली ती. हे लिहून ठेवतो, म्हणजे गाडी मला आवडली नव्हती असं तुला वाटू नये.

मग ती नाकारायची कारणं. सुटे भाग इथे मिळत नाहीत. दुरुस्ती करणारा तिच्या पोटात काय आहे ते ओळखत नाही. पावसाळ्यात बसकी गाडी पाण्यात अडकेल. ही सगळी मी मधूला सांगितली. तो ऐकून घेत होता, पण त्याचा चेहरा तू दिलेलं उत्तर चुकलं की मी करीत असे तसा झाला होता.

गिरिधर, खरं कारण लिहायला बसलो की दौतीत टाक बुडवून नुसता बसून राहतो. आता लिहितो.

त्या हिरव्या गाडीतून मधू आम्हा दोघांना महालातल्या तुझ्या आजोळाकडे घेऊन निघाला. तुझ्या आईला त्यानं कौतुकानं पुढे बसवलं. "काकू, आज राणीसारखं समोर बसायचं." सीताबर्डी ओलांडली, तलावाच्या काठानं आलो, आणि ती म्हणाली, "हे कोणतं गाव आलं गा, मधू?" त्याला वाटलं, काकू थट्टा करतात. तो म्हणाला, "मुंबई आली, काकू." ती हसली नाही. पदर घट्ट धरून बसली. महालात तिच्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, तर म्हणाली, "इथं आपलं कोणी राहते काय?"

मला धक्का बसला असं लिहीन तर ते खोटं होईल. वर्षभर मी हे पाहतो आहे. संध्याकाळी फाटकाशी उभी राहते आणि मला विचारते, "गिरिधर शाळेतून आला नाही अजून, काहून उशीर झाला त्याले?" पहिल्यांदा मी सांगितलं, तू जमशेदपुरात आहेस, तुला मुलं आहेत. त्या दिवशी ती जेवली नाही. आता मी म्हणतो, "येईल, मैदानावर खेळत असेल." तुला पत्रात लिहीत राहिलो, आईची प्रकृती उत्तम. जेवणखाण, झोप, सगळं उत्तम आहेच. इथल्या डॉक्टरांनी हे वयाचं आहे, वाढत जाईल, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मधूनं ती करड्या रंगाची गाडी आणली, क्लचची, इकडे बनलेली. तुझी आई पुढे बसायलाच तयार होईना. "मले मागंच बसू दे," म्हणाली. बसली ती आडवी, पाठीच्या टेकणीला धरून, मागच्या रुंद काचेकडे तोंड करून. मधू म्हणाला, "काकू, मान दुखेल." मी त्याला खुणेनं थांबवलं.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. "बर्डीचा किल्ला गेला." मग, "तलाव गेला. पाणी कमी आहे औंदा." महालात शिरलो तेव्हा म्हणाली, "गोपिकाच्या घराचा ओटा कोणी तोडला वं बाई?" गोपिका तिची बालमैत्रीण, तो ओटा खरोखरच अलीकडे तोडला आहे. माझे डोळे भरून आले, समोरचा रस्ता दिसेना. मधूला गाडी थांबव म्हणावं लागलं.

तेव्हा मला कवडूचा टांगा आठवला. पुढे कवडूशेजारी मी, मागे पाठमोरी तुझी आई, मांडीवर तू. आपल्याकडची रीतच ती, बायका मागे. घोड्याच्या टापा भुजंगप्रयातात पडायच्या, मी पुढून ओरडून सांगे, "तलाव आला," आणि ती क्षणभरानं मागून म्हणे, "गेला." आमचा खेळच होता तो. लग्न होऊन महालातून निघाली तेव्हापासून तिनं हे शहर समोरून येताना कधी पाहिलंच नाही, गिरिधर. सगळं तिला दूर जाताना ठाऊक आहे. मी पुढे बसून सारी वर्षं नव्या रस्त्याची मजा घेतली, आणि ती मागे राहिलेलं सगळं सांभाळीत आली. आता मागचं तेवढं उरलं आहे.

तुझ्या शब्दाखातर मी तिला हिरव्या गाडीतही मागे बसवून पाहिलं. त्या गाडीची मागची काच टपालाच्या पेटीच्या तोंडाएवढी आहे. तुझ्या आईनं दोनदा वाकून पाहिलं, मग हात मांडीवर ठेवून बसली. घर येईपर्यंत बोलली नाही.

म्हणून करडी घ्यायची. मी ती चालवू शकणार नाही, हे मला कळतं. कवडूनं टांगा मोडून मोटारीचं लायसन काढलं आहे, सकाळी दोन घरची कामं करतो. बोलावून विचारलं, तर म्हणाला, "बाईसाहेब मागं बसतीन, तुमी माह्या बाजूले. पयल्यासारखंच होईन, साहेब." मोटारीला वृत्त नसतं, एवढाच फरक. करडीचे कागद माझ्या नावावर करायला मधूला सांगितलं आहे. हिरव्या गाडीसाठी कुणी धडधाकट गिऱ्हाईक मिळेल, तिला पुढचा रस्ता आवडतो.

हे तिला बरं करणार नाही, हे मी जाणतो. दर सकाळी एक फेरी होईल, ती मागून "गेला, गेली" म्हणेल, आणि मी ऐकेन. कोणत्या सकाळी ती काही म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. त्याच्या आधी तू ये. संक्रांतीला जमत असेल तर संक्रांतीला, त्याहून लवकर जमलं तर बरं.

आलास की एक लक्षात ठेव. तू फाटकातून आत येशील आणि कदाचित ती म्हणेल, "कोण पाहिजे?" तेव्हा दुखावू नकोस, आणि "मी गिरिधर" असं सांगतही बसू नकोस. नमस्कार कर, वळ, आणि हळूहळू फाटकापर्यंत परत चालत जा. दप्तर घेऊन शाळेला जाताना, पुढे कॉलेजला, मग स्टेशनावर जमशेदपूरच्या गाडीत चढताना, ती तुझ्या पाठीकडेच पाहत उभी राहिली आहे. ती पाठ ती विसरलेली नसेल, असं मला वाटतं. हाक आली की वळ.

मागच्या आसनावर, काचेशी तिच्याजवळ, तुझी जागा राखून ठेवणारा,
तुझा
बाबा