दुसऱ्या खेपेचे उंदीर

नगर, ४ जानेवारी २०२५

ती. आईस,
ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला आता नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहायलाच बसले. तू पाठवलेल्या मरव्याचं तेल निघालं. पोतंभर पाल्यातून जेमतेम दोन चमचे!

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही उंदरांना इंजेक्शन देऊन विसराळू करतो. मग काहींना तेल हुंगवून भुलभुलैयात सोडतो. इंजेक्शन देताना मी मनातल्या मनात त्यांची माफी मागते, कारण त्यांची आठवण आधी मीच पुसते ना. पण पहिल्या खेपेत तेल हुंगलेल्यांनी वाट पटकन शोधली. मॅडम म्हणाल्या, अजून दोन खेपा झाल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही. मला धीर धरवेना.

शेजारच्या गोरक्षदादाबरोबर छोटी बाटली देतेय. रोज सकाळी दोन थेंब रुमालावर टाकून आबांना हुंगायला दे. पोटात अजिबात द्यायचं नाही. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात तीस वर्षं दलाली करताना ते गाईचं तोंड बघून तिची आई कुठली ते सांगायचे. दिवाळीत त्यांनीच मला, पोटच्या लेकीला, विचारलं, बाई, कुणाकडे आलात? ते मला अजून सोसत नाही.

लोभ आहेच, तो वाढतच राहो.
तुझी ज्ञानू


घोडेगाव, १९ जानेवारी

चि. ज्ञानेश्वरीस आईचे अनेक आशीर्वाद.

बाटली मिळाली. रोज रुमाल देते, नाकाला लावून गप बसत्यात. आन ऐक, परवा गोरक्ष दारात आला तर आबांनी त्याला नावानं हाक मारली! मला रडूच आलं. दाक्तरच्या गोळ्यांनी दिसभर पेंगायचे, त्या आठ दिसांपासून बंद केल्यात. तुजं तेल असताना त्या कशाला?

जेवत जा नीट. मागच्या फोटोत तूच उंदरावानी दिसत हुतीस.

माया हाय, ती कमी व्हायची न्हाई.
तुजी आई


नगर, २४ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न.

मला कळवू नको असं तू गोरक्षदादाला म्हणालीस, तरी काल त्याने फोनवर सगळं सांगितलं. आबा एकटेच बाजारात गेले, कुणाचा तरी बैल आपला म्हणून सोडून घरी निघाले, आणि मालकाने चोर समजून ढकललं. मनगट मोडलं. त्या बाजारात त्यांना चोर म्हणावं कुणी!

आई, ह्यात दोष माझा आहे. तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी दुसऱ्या खेपेचे आकडे हाती आले होते. तेल हुंगलेले आणि न हुंगलेले, सगळे उंदीर सारखेच चुकत होते. गोळ्या बंद केल्याचं वाचून गोरक्षदादाला एक फोन केला असता तरी भागलं असतं. पण तू लिहिलं होतंस की आबांनी हाक मारली. ते खरंच राहावं म्हणून मी महिनाभर गप्प बसले.

आज मॅडमना सगळं सांगितलं, बाटली घरी पाठवल्याचंही. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. आबांना डॉक्टरांकडे न्यायला गोरक्षदादाला सांगितलंय. मी रविवारी येऊ का? येण्याचं तोंड नाही, तरी विचारते.

लोभ ठेव म्हणायचा हक्क आता तूच दे.
ज्ञानू


घोडेगाव, २७ फेब्रुवारी

चि. ज्ञानेश्वरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आता माजंबी ऐक. त्या दिशी आबांनी हाक मारली न्हवती. गोरक्षच म्हनला, आबा, मी गोरक्ष. तवा ते म्हनले, व्हय, गोरक्ष. इतकंच. तू एवढ्या हौसेनं तेल धाडलंस, तुला काय लिहू? म्हनून वाढवून लिहिलं. मग माजं मलाच खरं वाटाया लागलं. तवा सगळा दोष एकटीनं घिऊ नगस.

दाक्तर मला लई बोलला. गोळ्या परत चालू हायेत, हात पिलास्तरात हाय. काल तो बैलवाला आला, आबांच्या पाया पडला, रडला. आबांनी त्याला शेजारी बसवून च्या पाजला. हा मानूस कशापायी रडतोय, ते त्यांना ठावंच न्हवतं. मला मातुर तिथं उभं ऱ्हावेना.

तू रविवारी ये. ते तुला वळखतील का, ते ह्या बारीला मी लिहिनार न्हाई. येऊन तूच बघ.

माया हाय तशीच हाय.
तुजी आई, रतनबाई