साहेबांना दाखवलेलं मोठं बेट

सौ. ताईस,

तिकीटखिडकीत बसल्या बसल्या धाकट्याचा नमस्कार. तुझी पाठ, भावोजींचा दात आणि भाचीची परीक्षा, तिन्ही मार्गी लागली असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही मजेत आहोत (असं लिहायचं म्हणून लिहिलं, माझी झोप पार उडाली आहे).

बोट चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला मोजणीवाले साहेब येऊन गेले. आपलं बेट तुला ठाऊकच आहे. एक दीपगृह, एक विहीर आणि एक गल्ली, तीही चढावर दमून संपते. इतिहास म्हणशील तर पश्चिमेचं अर्धं गाव समुद्राने पणजोबांच्या काळातच गिळलं, उरलेलं आपण जपतो आहोत. पाहुण्याला बेट ओहोटीलाच दाखवायचं ही आपली जुनी खोड (तेव्हा ते दुप्पट दिसतं). म्हणून शाळेच्या बाईंनी बैठकीत ठरवलं, की साहेबांना अमावास्येच्या मोठ्या ओहोटीलाच फिरवायचं. बेट मोठं दिसलं की बोटीची गरजही मोठी दिसेल. सगळ्यांत आधी मान मीच डोलावली.

साहेब आले, समुद्र मागे हटला, बेट पसरत गेलं आणि आम्ही फुशारत गेलो. मग तो वाळूचा पट्टा वर आला, थेट तुमच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा. त्यावर आपल्यातलं कुणी पाऊल टाकत नाही, कारण पाणी दोन्ही बाजूंनी परत येतं. (आजोबांच्या वेळी एक शेळीवाला निघाला होता. शेळ्या पोचल्या.) साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चालत जाता येत असेल तर हे बेट कसलं, आणि बोट कशाला?" बाईंनी घाईघाईने शेळीवाल्याचा इतिहास सांगितला, तेव्हा कुठे ते थोडे नरमले. पण एक जरी माणूस चालत पलीकडे पोचल्याचं कानावर आलं, तरी बोट बंद, असं बजावून गेले. माझी नोकरी जाईल ती जाईल, पण गावात कुणाला एकाएकी दवाखान्यात न्यायचं झालं तर काय करायचं?

पत्र आजच्याच बोटीने धाडतो, आहे तोवर.

तुझा,
धाकटा

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. आईने हे सगळं ऐकलं. बोटीत मळमळतं म्हणून तिने तुझं घर अजून पाहिलेलं नाही. आता म्हणते, "चालत जाता येतं, हे मला इतकी वर्षं कुणी का सांगितलं नाही?" गुरुवारी पुन्हा तशीच ओहोटी आहे आणि ती निघणार आहे. मी रागावलो, पाया पडलो, मधे पाणी असतं म्हणालो. तिने कपडे किती वर खोचायचे तेवढंच विचारलं. तिला एकटीला कसं सोडू? मीही येतो आहे.

ता.क. आणखी एक. गुरुवारी दुपारी किनाऱ्यावर उभी राहा. आम्ही गटांगळ्या खाताना दिसलो तर सगळं गाव गोळा कर. धड पोचलो तर मात्र कुणाला हाक मारू नकोस, मागच्या दाराने आत घे. कुणी विचारलंच तर आम्ही बोटीने आलो. आईचं तिकीट मी आजच फाडून ठेवलं आहे.